फोटोखालची ओळ

१९ ऑक्टोबर

सुनंदाने आज कॅमेरा कपाटात ठेवला. ठेवला म्हणजे शालूच्या खाली, डांबरगोळ्यांच्या सहवासात. आमच्या घरात शालूखाली गेलेली वस्तू पुढच्या पिढीलाच दिसते, म्हणून मी जरा दचकलो.

"का गं?"

"दिसत नाहीये मला."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"नंबर ठीक आहे हो. समोर केळ दिसते. केळीचा फोटो दिसत नाही."

वाक्य चांगलं होतं, म्हणून लिहून ठेवतो. सुनंदा अशी वाक्यं क्वचित बोलते. तिचं बोलणं विमा कंपनीतल्या नोकरीसारखं, अटी आणि मुदत यांपुरतं. पण स्वेच्छानिवृत्ती घेऊन तिने कॅमेरा हातात धरला आणि मला कळलं की या बाईबरोबर पंचवीस वर्षं संसार करून मी तिला अर्धीच ओळखत होतो. किल्ल्याच्या भिंतीतून निघालेल्या पिंपळाचा तिचा फोटो पाहून मी जेवायचा थांबलो होतो. जेवण थांबवणारी गोष्ट माझ्या आयुष्यात दुर्मीळ आहे.

अर्थात तिला एकटं सोडलेलं नाही. तिच्या प्रत्येक फोटोखाली एक ओळ घालण्याचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. मी संस्कृतचा एम. ए. पोटासाठी जिल्ह्याच्या दैनिकात वसई-विरारची गटारं, पाणीटंचाई आणि महापालिका लिहितो. शिल्लक राहिलेलं संस्कृत कुठेतरी खर्च व्हायला हवंच. पिंपळाच्या फोटोखाली मी 'जीर्णभित्तौ वसन्तः' असं घातलं होतं. फुलपाड्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला की अंगठे येतात, आणि त्याखाली 'सर, काय ओळ आहे!' हेही येतं. सुनंदा तेही वाचते. "छान आहे हो ओळ," म्हणते. किती कलावंतांना घरात एवढा आधार मिळतो?

आणि आता हे. वसईतल्या एका वाचनालयाने फेब्रुवारीत तिला प्रदर्शनासाठी एक अख्खी भिंत देऊ केली आहे. अट एकच, फोटो नवे हवेत. पाच डिसेंबरपर्यंत कळवायचं आहे. "नाही म्हणून कळवते," असं ती म्हणाली. कॅमेरा पुण्याला क्षितिजाला देऊन टाकायचा म्हणे. आमच्या लेकीला फोटो काढायला आवडतं, पण फक्त खाण्याच्या बशीचे.

२४ ऑक्टोबर

उपचार सुरू केले. शालूखालून कॅमेरा काढला, सुनंदाला स्कूटरवर बसवलं, म्हणजे तिने मला बसवलं, कारण स्कूटर तीच चालवते, आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलो. निदान असं केलं होतं की तिच्या मनाला लक्ष्य नाही. म्हणून शीर्षकं आधीच तयार करून नेली. बाण आहे, लक्ष्य दिलं की झालं.

वाळूवर एक जुनी होडी कलंडलेली होती. तिच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. सुनंदाने कॅमेरा डोळ्याला लावला. फार दिवसांनी लावला. मला राहवेना.

"'निवृत्त नाविक'. कसं वाटतं?"

तिने कॅमेरा खाली घेतला. "प्रकाश गेला."

सूर्य समुद्रापासून चांगला हातभर वर होता. पण प्रकाशातलं मला कळत नाही, तिला कळतं. परतताना आगाशीच्या बाजारात केळी घेतली. फोटो एकही नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी ओवाळून झालं. तबकात मी कॅमेऱ्याचं नवं मेमरी कार्ड ठेवलं. साडीपेक्षा लहान, पण भाव थोर. सुनंदा हसली नाही. "रिकामंच राहणार आहे हे," म्हणाली आणि देवघरात उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवून दिलं.

आज पाडवा आणि ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिन एकाच तारखेला आले. संध्याकाळी आगाशीच्या बाजूच्या एका दफनभूमीवर बातमीसाठी जायचं होतं. सुनंदाला म्हटलं, चल. कॅमेराही घे, निदान माझ्या बातमीला एक फोटो होईल. नवरा म्हणून नाही, बातमीदार म्हणून विनंती. ती आली. (ही कल्पना माझी होती, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.)

दफनभूमी झेंडूने पिवळी झाली होती. मेणबत्त्या लागत होत्या, फादर पवित्र पाणी शिंपडत फिरत होते. ज्यांच्या कबरी त्यांची माणसं भोवती उभी, आणि क्रूसाला टेकवलेले फोटो. एका फोटोपुढे सुनंदा थांबली. फोटोतल्या बाईंच्या डाव्या बाजूला आणखी कुणाचा तरी खांदा होता, फुग्याची जांभळी बाही, आणि पर्स धरलेला अर्धा हात.

शेजारी लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली एक म्हातारी मेणबत्ती हाताने आडोसा करून लावत होती. तिने सुनंदाची नजर पाहिली.

"बघतेस काय? ती बाही आमच्या ज्युलीची नाय."

"मग कुणाची?"

"आमच्या पुतण्याच्या, स्टॅनीच्या मामीची. ज्युली म्हणजे माझी नणंद. गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा फोटोच गावला नाय. शेवटी स्टॅनीच्या लग्नातला कापला. मामी अजून जिती हाय. दरवर्षी येते, आपल्याच खांद्याला फूल वाहून जाते."

मी हसलो. सुनंदा हसली नाही. ती फोटोकडे वाकून पाहत होती.

म्हातारीचं नाव जुलियाना मच्याडो. इथून जवळच त्यांची वाडी आहे. केळी, थोडी फुलं, एक विहीर. आमच्याशी बोलताना त्या बाहेरच्यांसाठी ठेवलेली मराठी वापरतात. सुनेला हाक मारताना मात्र अशी बोली काढली की माझं संस्कृत बाहेरच उभं राहिलं.

मेणबत्ती पेटल्यावर त्या सुनंदाच्या कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "माझा काढशील गो? एकटीचा. मी गेल्यावर पेटीवर ठेवायला लागेल तो."

मला वाटलं, आता सुनंदा सांगेल, प्रकाश गेला. खरंच गेला होता.

"कधी येऊ?" ती म्हणाली.

५ नोव्हेंबर

गेली. मला नेलं नाही. "मागच्या सीटवर तिवई आहे," म्हणाली. तिवईला जागा मिळाली आणि नवऱ्याला नाही. तरी ती तिवई बोलत नाही, एवढाच तिचा गुण.

देवघरातलं मेमरी कार्डही जागेवर नाही.

९ नोव्हेंबर

जेवताना सुनंदा आपणहून बोलली. जुलियानामावशींनी फोटोसाठी तीनदा लुगडं बदललं. दागिने घालायचे की नाहीत यावर सुनेशी वाद झाला. सून जीना म्हणाली, घाला. मावशी म्हणाल्या, "फोटोत दिसले तर मी गेल्यावर वाटणीला पुरावा होईल. नको." शेवटी फक्त कानातलं ठेवलं.

"आणि तू काय सांगितलंस? असं बघा, तसं बसा?"

"मी काहीच नाही सांगितलं. त्यांनाच ठाऊक होतं कसं दिसायचंय. मला फक्त थांबायचं होतं."

मग म्हणाली, शेजारच्या क्रिस्टीनामावशींनीही बोलावलंय. त्यांना कवळी काढून फोटो हवा आहे. "कवळी टोचते. वरती नेणार नाय," असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, वा, 'निर्दन्ता सरस्वती'! सुनंदाने आमटी वाढली.

२२ नोव्हेंबर

मतदान संपलं. पंधरवडाभर मी सभा, फेऱ्या आणि आरोप यांच्यात होतो. घरी यायचो ते झोपायला. आज दुपारी शांतपणे सुनंदाचे फोटो पाहिले. तिने लॅपटॉप उघडून समोर ठेवला आणि स्वतः स्वयंपाकघरात गेली.

सुनंदा काय करते ते मला शब्दांत धरता येत नाही, आणि हा माझा धंदा आहे. तरी प्रयत्न करतो.

जुलियानामावशी विहिरीच्या कठड्याशी बसल्या आहेत. मागे चुन्याची भिंत, बाकी काही नाही. हात मांडीवर, पण स्वस्थ नाहीत, एक अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटांत अडकवलेला, जसा आपण देवळात रांगेत उभे असताना अडकवतो. आणि चेहरा! आता कुणाला तरी रागावणार आणि रागावून झाल्यावर जेवायला वाढणार, असा. त्या दोन क्षणांच्या मधली जागा सुनंदाला कशी दिसली? ती जागा मला माणसाशी तासभर बोलूनही सापडत नाही. डोळ्यांत तर इतकं पाणीदार ऊन आहे की मी मागे वळून खिडकी पाहिली.

क्रिस्टीनामावशींनी ओठ आत घेतले आहेत आणि हसत आहेत. दात नाहीत, तरी हसू पूर्ण आहे. त्यांच्या गालाची एक सुरकुती कानापर्यंत जाते आणि तिथे कानातल्या सोन्याच्या ठिपक्याला भेटते. हे सुनंदाने मुद्दाम केलं की आपोआप झालं, मी विचारलं.

"त्यांनी मान वळवली," ती म्हणाली.

आणखी चार बायकांचे फोटो आहेत. सगळ्याजणी आपल्या मरणासाठी सजल्या आहेत आणि एकीच्याही चेहऱ्यावर मरण नाही. चहा गार झाला. या बाईला भिंत नको होती?

"वाचनालयाला हो कळवलंस का?"

"कळवते."

म्हणजे रोग गेला. हवाबदल, शीर्षकांचा व्यायाम, आणि दफनभूमीला नेण्याची माझी सूचना, या तिन्हींचा एकत्रित परिणाम असावा. यश वाटून घेण्याइतका मी मोठा आहे.

१ डिसेंबर

सुनंदाला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून जुलियानामावशींचा फोटो गुपचूप दैनिकाकडे पाठवला. मावशींना मात्र फोनवर विचारलं. "छाप रे, चांगला आलाय," त्या म्हणाल्या. सुनंदाच्या या कामावर मी मोठा लेख लिहायला घेतला आहे, तो दोन-तीन दिवसांत जाईल. तोवर फोटो आणि खाली ओळ पाठवून ठेवली, म्हणजे जागा राखली जाईल. ओळ झकास जमली:

'अस्ताचली स्थिरावलेले तेज : श्रीमती जुलियाना मच्याडो, आगाशी.'

दोनदा वाचली. एक अक्षर कमी-जास्त करायला नको.

३ डिसेंबर

फोटो छापून आला. निधनवार्तेत.

डेस्कवरच्या माणसाचं म्हणणं असं, म्हातारीचा समोरून काढलेला फोटो, खाली 'अस्ताचली', सोबत बातमी नाही. मग काय समजायचं? त्यांनी आपल्याकडून 'यांना भावपूर्ण श्रद्धांजली' एवढे शब्द उदारपणे जोडले. शिवाय चौकट काळी.

सकाळपासून फोन. जीना रडते आहे की हसते आहे ते कळेना. वांद्र्याहून मावशींचे चुलत दीर हार घेऊन निघाले होते, ते बोरिवलीला पोचल्यावर त्यांना खरं कळलं. मावशी नेहमीप्रमाणे सकाळी मिस्साला गेल्या, तर चर्चच्या दारात एका बाईने त्यांना पाहून क्रूसाची खूण केली.

सुनंदाने दैनिक घेतलं, फोटो पाहिला, फोटोखालची ओळ पाहिली आणि दैनिक घडी करून टेबलावर ठेवलं. मग बेडरूममध्ये गेली. कपाटाचं दार वाजलं.

मी आत जाऊन पाहिलं. कॅमेरा शालूखाली.

"अगं, चूक डेस्कची आहे."

"हो."

"उद्या दुरुस्ती छापतील. पहिल्या पानावर मागतो."

"वाचनालयाला मी अजून कळवलेलं नाही, ते बरं झालं," ती म्हणाली. "त्या बायकांनी माझ्याकडे एकटीचा फोटो मागितला होता. एकटीचा."

मला याचा दुरुस्तीशी संबंध लागला नाही. रात्री ती जेवली नाही. मी जेवलो, पण नीट नाही.

४ डिसेंबर

सकाळी आम्ही दोघं मावशींकडे क्षमा मागायला गेलो. मी वाटेत क्षमेची तीन वाक्यं तयार केली होती. एकाचीही वेळ आली नाही, कारण अंगणात दहा-बारा माणसं खुर्च्यांवर बसून चहा पीत होती आणि मधोमध जुलियानामावशी.

"या, पेपरवाले! या. मी अजून हाय. चहा घ्या."

"मावशी, फार मोठी चूक झाली—"

"अरे बस. काल दिवसभर लोक येतात. तो ऑस्कर, धाकट्या दिराचा पोरगा, वाटेवरच्या झाडावरून माझ्याशी सात वर्षं बोलत नव्हता. काल हार घेऊन आला. मी दार उघडलं तर हार माझ्याच हातात दिला आणि पळाला." सगळे हसले. "संध्याकाळी परत आला. बोलला. झाड तोडत नाय म्हणाला."

मग त्यांनी जीनाला हाक मारून पेपर आणायला लावला. काळी चौकट मांडीवर ठेवली आणि मला जवळ बोलावलं.

"हे खाली कोणी लिहिलंय?"

"मी."

"काय लिहिलंय?"

मी अर्थ सांगितला. मावळतीचा पर्वत, त्यावरचं तेज, वगैरे. मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग फोटोवर बोट ठेवलं.

"ही मी. जिती हाय की नाय?"

"आहे ना!"

"चांगली हाय?"

"उत्तम आहे."

"मग मेली कुठे?" त्यांचं बोट घसरत खाली आलं आणि माझ्या ओळीवर थांबलं. "इथे मेली."

अंगण हसलं. मीही हसलो, विनोद चांगला होता. पण सुनंदा जशी हसली तशी मी तिला वर्षानुवर्षं हसताना पाहिलेली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पदराने पुसलं, परत हसली. जीनाने पाणी आणून दिलं. एवढं काय होतं त्यात मला कळलं नाही. विनोदाला सुद्धा प्रमाण असतं.

निघताना मावशी तिला म्हणाल्या, "तो फोटो ठेव हां. माझं काम झालं नाय अजून. आणि खाली नाव घाल. नुस्तं नाव."

वाटेत स्कूटरवर, वाऱ्यात, सुनंदा म्हणाली, "भिंतीवर फक्त नावं लावू या?"

मी क्षणभर विचार केला. "संयम म्हणून ते शोभेल," मी म्हणालो. "मीच सुचवणार होतो."

"हो का," ती म्हणाली. आरशात ती दिसत होती. अजून हसत होती.

घरी पोचताच तिने वाचनालयाला फोन केला.

११ जानेवारी

सुनंदा घरी नसते. वाड्यावाड्यांतून बोलावणी येतात. आता फुलपाड्यातल्याही दोन आजी आल्या, एक सातारच्या, एक मालवणच्या. ख्रिस्ती बायकांची पद्धत यांना पसंत पडली. "मुलगा ऐनवेळी आधारकार्डावरचा लावेल," अशी एकीची भीती. ती रास्त आहे. आधारकार्डावर मी स्वतः गुन्हेगार दिसतो.

मला या सगळ्यात काम उरलेलं नाही. खिळे, दोऱ्या आणि चौकटी आणतो.

१५ फेब्रुवारी

आज प्रदर्शन उघडलं. एका भिंतीवर सगळ्या बायका. खाली नाव आणि गाव. भाषण कुणाचं नाही, हीही सुनंदाची अट. वाडीहून टेम्पो भरून माणसं आली. मावशी स्वतःच्या फोटोसमोर उभ्या राहून लोकांना सांगत होत्या, "ही गेली होती, परत आली."

एक अट वाचनालयाच्या सचिवांना समजावताना मला पुष्कळ बोलावं लागलं. फोटो बायकांच्या मालकीचे आहेत. ज्या घरी लागेल त्या घरचे लोक येतील आणि काढून नेतील, प्रदर्शन चालू असलं तरी. सचिव म्हणाले, असं कधी ऐकलं नाही. मीही ऐकलं नव्हतं. सुनंदा शांतपणे म्हणाली, "त्यासाठीच काढलेत ते."

गर्दी कमी झाल्यावर मी भिंतीपुढे एकटा फिरलो. एकेक नाव वाचलं. एवढ्या नजरा एकदम अंगावर आल्या की माणूस आपोआप सरळ उभा राहतो.

२० फेब्रुवारी

क्रिस्टीनामावशी पहाटे गेल्या. झोपेत. नऊ वाजता त्यांचा मुलगा रॉकी वाचनालयात आला. सुनंदा आधीच येऊन थांबली होती. तिने स्टुलावर चढून चौकट काढली, पदराने काच पुसली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती छातीशी धरली, चेहरा आपल्याकडे करून.

दुपारी आम्ही अंत्यविधीला गेलो. पेटीच्या डोक्याशी त्या हसत होत्या, कवळीशिवाय. कुणाचा खांदा नाही, कुणाची बाही नाही. फुलांच्या गर्दीत जुलियानामावशी माझ्या कानाशी आल्या. "बघ. वेळेवर काढला," म्हणाल्या आणि मग रडल्या.

संध्याकाळी वाचनालयात परतलो. भिंतीवर एक रिकामा खिळा, खाली नाव आणि गाव. सचिव म्हणाले, बरं दिसत नाही, चौकटी सरकवू या का, नाहीतर सरांनी दोन शब्द लिहून द्यावेत, कार्ड लावू. माझ्याकडे पेन होतं. ओळीही होत्या, चांगल्या दोन-तीन. मी सुनंदाकडे पाहिलं. ती खिळ्याकडे पाहत होती.

"राहू द्या असंच," मी म्हणालो.

का म्हणालो कोण जाणे. दिवसभराचा थकवा असेल.

२३ फेब्रुवारी

काल झोपताना सुनंदा म्हणाली, "उद्या सकाळी गच्चीवर या. दाढी करून."

"का?"

"तुमचा एकही धड फोटो नाही. सगळ्यात तोंड उघडं आहे आणि पुढे माइक."

गेलो. पांढरा सदरा घातला. तिने पाण्याच्या टाकीच्या भिंतीसमोर स्टूल ठेवलं होतं. "बोलायचं नाही," म्हणाली. मी बसलो. मग म्हटलं, या टाकीच्या गळतीवर मी तीनदा लिहिलंय. मग म्हटलं, मी कुठे बघू? ती कॅमेऱ्यामागे उभी होती, घाई नसलेली. वाडीतल्या बायकांपुढे ती अशीच उभी राहत असणार. इतक्या महिन्यांत मी ते पाहिलंच नव्हतं. फार सुंदर उभी राहते.

एक फोटो काढला. पाहिला. मान हलवली. मग पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावून तिने मला विचारलं,

"खाली काय घालू या?"

हे तिने मला आजवर कधी विचारलं नव्हतं. मी आपणच सांगत आलो होतो. मी तोंड उघडलं. मग मिटलं. पलीकडच्या गच्चीवर कुणी पापड वाळत घालत होतं. मी बराच वेळ विचार केला आणि काही म्हणता काही सुचलं नाही.

तेवढ्यात तिने दुसरा फोटो काढला.

"झाला," म्हणाली.